धोंडाबाई नको म्हणाल्या

१ डिसेंबर १९५३, मंगळवार. शेळगाव.
आजपासून रोजनिशी. निश्चय दोन. एक, बारामतीची हुतुतूची ढाल यंदा आणायची. दोन, टेंपर आवरायचा.
संघाचा कॅप्टन मी. ढाल आली की धोंडाबाई माझ्याकडं वेगळ्या नजरेनं बघणार आणि त्यांच्या रतनचा विषय आपोआप निघणार. रतनशी अजून काही बोललेलो नाही. गरज नाही. परवा ती पाटावर धुणं धूत होती. मी जवळून गेलो, तिनं मान वर केली नाही. उगाच कोणी मान खाली ठेवत नाही.
गावात म्हणतात महिपतीनं कॉलेज अर्धवट टाकलं. चूक. इंटरला लॉजिकचे प्रोफेसर 'सिट डाऊन' म्हणाले, मी बसलो नाही. तत्त्वाचा प्रश्न होता. वर्गाबाहेर पडलो तो एस.टी.नं थेट घरी.

४ डिसेंबर
गेणबा येरवड्याहून सुटून आला. सहा वर्षं काढली. पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं आणि त्यानं पाणी धरायचं खोरं सावळारामच्या डोक्यात घातलं होतं. सावळाराम म्हणजे धोंडाबाईंचा एकुलता एक मुलगा, रतनचा थोरला भाऊ. गेणबा आणि तो, दोघंही आमच्याच संघातले. डाव्या कोपऱ्यात हातात हात धरून उभे राहायचे. त्यांच्या पकडीतून कोणी सुटत नसे म्हणतात. मी तेव्हा लहान होतो. मी सुटलो असतो.
गेणबा दिवसा घराबाहेर पडत नाही.

६ डिसेंबर, रविवार
देवळापुढं बैठक. अप्पा, म्हणजे आमचे वस्ताद, म्हणाले, गेणबाला संघात घ्यायचा. डावा कोपरा सहा वर्षं फुटका हाय. सरकारनं सजा दिली, त्यानं भोगली, आता आपुन वरनं किती द्यायची?
मी उभा राहिलो. प्रिन्सिपल म्हणजे काय ते समजावून सांगितलं. खुन्याच्या हातात हात देऊन उभं राहायचं? आणि तेही ज्या आईचा मुलगा गेला तिच्या गावात? कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. विषय गंभीर होता. भीमा (उजवा कोपरा, अक्कल बेताची) म्हणाला, ह्याचं प्रिन्सिपल धोंडाबाईच्या गोठ्यात बांधल्यालं हाय, धार बी तिथंच काढतो. सगळे हसले. मी त्याची गचांडी धरली. निश्चय नंबर दोन उद्यापासून.
शेवटी अप्पा म्हणाले, ज्याचं गेलं त्यालाच इचारा. धोंडाबाई व्हय म्हनली तर व्हय, न्हाय म्हनली तर न्हाय. मागनं कुनी कुरकूर करायची न्हाय.
पण विचारायला जाणार कोण? सहा वर्षांत त्या माउलीपुढं गेणबाचं नाव कोणी काढलेलं नाही. मी म्हणालो, मी जातो.

७ डिसेंबर. दुपार.
इस्त्रीचा सदरा घालून गेलो. त्यांची वस्ती पाटापलीकडं, गावापासून लांब. धोंडाबाई बाजारात न्यायची वांगी निवडत होत्या. रतननं पाण्याचा तांब्या दिला. थोडं पाणी माझ्या सदऱ्यावर सांडलं. थंडी आहे.
मी सगळी बाजू मांडली. मुख्यतः माझी. त्या किडकी वांगी बाजूला टाकत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, खेळू दे त्याला. माझं पोर सगळ्यांदेखत गेलं, ह्यो कशाला घरात लपून बसतोय? उजेडात उभा ऱ्हाऊ दे. मला बघायचाय त्यो.
निघताना रतन बांधापर्यंत आली. म्हणाली, आई म्हनली तसंच सांगा, वाढवू नका आन कमी बी करू नका.
आपण होऊन बोलली. केवढा हा विश्वास.

त्याच दिवशी, दिवेलागण
शांतपणे विचार केला. दुःखात माणूस बोलतो एक आणि मनात असतं दुसरं. 'बघायचाय' हे त्या कोणत्या आवाजात म्हणाल्या, ते मी ऐकलंय, अप्पांनी नाही. लॉजिक लावून पाहिलं. कोणतीच आई मुलाच्या खुन्याला खेळू देणार नाही. धोंडाबाई आई आहेत. म्हणून धोंडाबाई नको म्हणाल्या. बिनचूक. ते प्रोफेसर आज इथं हवे होते.

८ डिसेंबर
सांगितलं. अप्पांनी विचारलं, नेमकं काय म्हनली? मी म्हणालो, नको म्हणाल्या. अप्पा म्हणाले, तेवढंच? तेवढंच.
अंधार पडला होता, गेणबा पलीकडं पिंपळाच्या पारावर बसला होता. त्यानं ऐकलं. उठला, सगळ्यांना हात जोडले आणि गेला. काही बोलायला हवं होतं त्यानं. न बोलणारा माणूस धोकादायक.
झोप लागली नाही. थंडी.

१६ डिसेंबर
आबांनी, म्हणजे वडिलांनी, उसाला पाणी धरायला पाठवलं. सांज व्हायला आलेली. सरीत वाकलो होतो, मागं पाचट वाजलं. वळलो तर गेणबा. खांद्यावर खोरं.
त्याचं रान लागूनच आहे, त्यामुळं खोरं असणं साहजिक. हे मला आत्ता सुचतंय. तेव्हा नुसता खोऱ्याचा दांडा दिसत होता. पळायला जागा नव्हती. दोन्हीकडं ऊस.
म्हणाला, महिपती, म्हातारी अजून काय म्हनली का? शिव्या दिल्या आसतील तर सांग. मला चालंल.
मी म्हणालो, नाही, फक्त नको म्हणाल्या. त्यानं खांद्यावरचं खोरं खाली घेतलं. मग 'बरं' म्हणाला आणि माझ्याच सरीचं फुटलेलं तोंड खोऱ्यानं बुजवून गेला.
मी अजिबात घाबरलो नाही. टोपी तिथंच राहिली, ती उद्या आणीन.

२८ डिसेंबर
रतन पाटावर भेटली. म्हणाली, ठरलं न्हवं समदं? मी म्हणालो, ठरलं. हे खरंच आहे, ठरलंच आहे. ती म्हणाली, सामन्याला आई येनार हाय बारामतीला, मी बी. कधी न्हाय ती आई घराबाहेर निघतीय.
माझा खेळ बघायला. दुसरं काय कारण असणार. किंवा वांगी विकायला. सामन्याचा गुरुवार बाजाराचाच दिवस आहे.
जेवण गेलं नाही. अप्पांना जाऊन काहीतरी सांगावं असं वाटलं. पण सामन्याआधी संघाचं मन विचलित करणं कॅप्टनला शोभत नाही. ढाल आल्यावर सांगता येईल. ढाल आल्यावर सांगायचं कारणही उरणार नाही.

७ जानेवारी १९५४, गुरुवार. पहाट.
गाड्या जुंपल्या. गेणबाच्या दाराला बाहेरून कडी. कुठं गेला कोण जाणे. आज टेंपर नाही, फक्त दम.

७ जानेवारी. बारामती.
हरलो. एका गुणानं.
कळंबच्या संघाशी बरोबरी होती. शेवटची चढाई माझी. हुतुतू म्हणत त्यांच्या हद्दीत शिरलो, एकाला पायानं शिवलो, आता नुसतं मधल्या रेघेपर्यंत यायचं होतं. तेवढ्यात कडेच्या गाडीत धोंडाबाई उभ्या राहिलेल्या दिसल्या. कपाळावर आडवा हात धरून आमच्या डाव्या कोपऱ्यात कोणाला तरी शोधत होत्या. मग खाली उतरल्या आणि अप्पांशी काही बोलल्या. अप्पांनी माझ्याकडं मान वळवली. रतननंही.
दम सुटला. रेघेच्या अलीकडं, हातभर.
पंचांनी बाद दिलं. मी पंचांना ढकललं. दम सुटला नव्हता असं माझं अजूनही म्हणणं आहे.
येताना अप्पांनी मला त्यांच्या गाडीत घेतलं नाही. कोणत्याच गाडीत जागा नव्हती. एस.टी. मिळाली.

१० जानेवारी, रविवार
बैठक. अप्पांनी विचारलं, म्हातारी काय म्हनली हुती? मी सिलॉजिझम, म्हणजे आई आणि खुनी यांचा तो तर्क, समजावून सांगितला. कोणीही हसलं नाही. हसले असते तर बरं होतं.
भीमा म्हणाला, काढा ह्याला. गेणबानं रागाच्या भरात एकदा केलं, ह्यो महिनाभर रोज करत हुता. अप्पा म्हणाले, ज्याचं गेलं त्यालाच इचारा. गेणबा ठरवंल.
विचारायला भीमा जाणार. मी हरकत घेतली. भीमा शब्द इकडचे तिकडं करील, पदरचा अर्थ लावील, हा माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे. अप्पा म्हणाले, खाली बस.
बसलो.

११ जानेवारी
सकाळपासून पारावर. भीमा उन्हं कलल्यावर आला. मुद्दाम विडी पेटवली, काडी विझवली, मग बोलला. गेणबा म्हनला, खेळू दे.
अप्पांनी विचारलं, तेवढंच? भीमा म्हणाला, न्हाय, अजून एक हाय. म्हनला, डाव्या कोपऱ्यात उभा करा त्याला. माझ्या हातात हात देऊन.
कॅप्टन भीमा.

१४ जानेवारी, संक्रांत
सराव. गेणबाचा हात खोऱ्याच्या दांड्यासारखा आहे. माझ्या हाताला घाम सुटला होता, त्यानं सोडला नाही. धोंडाबाई लिंबाखाली येऊन बसल्या होत्या. सबंध वेळ डाव्या कोपऱ्याकडं बघत होत्या. गेणबानंही मान खाली घातली नाही. मी घातली.
नंतर रतननं सगळ्यांना तिळगूळ वाटला. अप्पांना, भीमाला, एकेकाला म्हणत गेली, तिळगूळ घ्या, गोड बोला. आमच्यापुढं आली. गेणबाच्या हातावर ठेवला, माझ्या हातावर ठेवला, आणि काही न बोलता पुढं गेली.
मी गेणबाला विचारलं, ती आपल्याला दोघांनाच काही का बोलली नाही, याचा अर्थ काय असेल.
तो म्हणाला, न्हाय बोलली म्हंजी न्हाय बोलली. खा.