टाकीतला रुमाल

२ फेब्रुवारी, सोमवार
गाडीमालकांनो, बंधूंनो आणि भगिनींनो! आपण रोज लुटले जात आहोत. पंपावर आकडे भिरभिरतात, आपण त्यांच्याकडे खुळ्यासारखे बघत राहतो, आणि टाकीत नेमकं किती पडलं हे कुणालाच कळत नाही. गाडीतला काटा सांगतो, म्हणे. काटा कोणाचा? गाडी बनवणाऱ्याचा. गाडी बनवणारा कोणाचा मित्र? पंपवाल्याचा. मग चोराच्या घरी जाऊन साव शोधायचा का?

(रोजनिशीत भाषण करायचं नाही, असा १ जानेवारीला ठराव केला होता. तो ठराव आज मागे घेत आहे.)

उद्यापासून आमची टाकी मी स्वतः मोजणार. गाडी माझ्या नावावर आहे. किल्ली मात्र बायकोकडे असते, कारण ती सकाळी शेजारपाजारची सहा मुलं शाळेत सोडते आणि दुपारी आणते. घर त्यावर चालतं, असं तिचं म्हणणं. मी ग्राहक समितीचा अध्यक्ष आहे. तत्त्वतः दोन्ही कामं सारखीच.

३ फेब्रुवारी
मोजणी झाली. पद्धत माझी स्वतःची आहे. पडद्याची एक बारीक दांडी घेतली, टोकाला रुमाल बांधला आणि टाकीच्या तोंडातून आत सोडली. रुमाल जिथपर्यंत भिजेल तिथपर्यंत पेट्रोल. काट्याची गरज नाही, कंपनीची मेहेरबानी नाही.

दांडी वर आली. रुमाल आला नाही.

माझी गाठ पक्की होती. पंचवीस वर्षं सभांचे फलक बांधले आहेत, एकही पडला नाही. रुमाल निसटला याचा अर्थ पेट्रोलमध्ये काहीतरी बुळबुळीत मिसळलेलं आहे. भेसळीचा हा पहिला पुरावा.

बायको तेव्हा आंघोळीला गेली होती. तिला विनाकारण त्रास नको म्हणून सांगितलं नाही.

४ फेब्रुवारी
विचार केला. रुमाल सुती आहे. सूत जमिनीतून येतं, पेट्रोलही जमिनीतूनच येतं. दोघं एकमेकांत मिसळून जातील. काळजीचं कारण नाही.

५ फेब्रुवारी
बायको म्हणाली, गाडी चौकात बंद पडली. मग थोडा वेळ थांबल्यावर आपोआप सुरू झाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. मी म्हटलं, पंपवाला. तिने विचारलं, अहो, तुम्ही काही केलं नाहीत ना गाडीला? मी म्हटलं, मी कशाला करू?

प्रश्नाला प्रश्नाने दिलेलं उत्तर खोटं ठरत नाही. हे मी कार्यकर्त्यांच्या शिबिरात नेहमी सांगतो.

६ फेब्रुवारी
रुमाल काढायचा निर्धार केला. आधी तार. तार आत जाते आणि वाकते, वर येते ती रिकामीच. मग चुंबक. जुन्या लाउडस्पीकरमधला, जबरदस्त ओढीचा. दोरीला बांधून सोडला. खण्णकन आवाज झाला. तो टाकीच्या पत्र्याला आतून चिकटला. ओढला, तर दोरी तुटली.

रुमालाला चुंबक चिकटत नाही, हे लक्षात आलं तेव्हा चुंबक आत होता.

मात्र एक फायदा झाला. पेट्रोलमधला लोखंडाचा कीस तो आता धरून ठेवील. म्हणजे एका परीने टाकीची सुधारणाच.

८ फेब्रुवारी, रविवार
समितीची जाहीर सभा. विषय: आपल्या वस्तीजवळच्या पंपाची भेसळ. पन्नास मिनिटं बोललो. रुमाल नसल्यामुळे घाम बाहीने पुसावा लागला, पण लोकांना तो त्वेष वाटला. ‘पंपावर बहिष्कार’ एकमताने मंजूर. टाळ्या.

बायको मागच्या रांगेत होती. ज्या मुलांना ती नेते त्यांचे आईबापही होते. पुढाऱ्याची बायको म्हणून लोक तिच्याकडे वळून बघत होते. तिला बरं वाटलं असावं. चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

सभेनंतर पंपाचा मॅनेजर आला. माणूस सभ्य. म्हणाला, साहेब, तुमच्यासमोर बाटलीत पेट्रोल काढतो, कुठेही तपासून आणा. मी ताडकन म्हटलं, बाटलीतलं शुद्धच असणार, तुम्ही काय कच्चे आहात? तो म्हणाला, मग शुद्ध निघालं तरी मीच चोर? मी म्हटलं, विशेषतः तेव्हा.

१० फेब्रुवारी
गाडी काल दोनदा, आज तीनदा बंद पडली. बायकोने गॅरेजवाल्याला दाखवली. त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो इंजिनावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावतो. त्याने आधी प्लग बदलले. मग फिल्टर बदलला. दोन्ही वेळा म्हणाला, आता घोड्यासारखी पळेल. घोडा गल्लीच्या तोंडाशीच बसला. मग म्हणाला, वहिनी, टाकी उतरवून बघावी लागेल.

हा माणूस अंदाजपंचे दाहोदरसे करतो, हे मी तिथेच ठणकावून सांगितलं. तो म्हणाला, दादा, तुमचं भाषण ऐकलं मी रविवारी, गाडीला ऐकवून बघा, भीतीने चालेल. बायको हसली. नको तिथे हसते.

तरी बायको टाकी उतरवून घ्यायला निघालीच होती. मी म्हटलं, थांब, मी स्वतः बॅटरी लावून आत बघितलं आहे. टाकी स्वच्छ आहे, आरशासारखी. तिने विचारलं, नक्की? सहा लेकरं असतात हो माझ्या गाडीत. मी म्हटलं, नक्की.

बॅटरी लावून बघितलं होतं, हे खरंच आहे. आत अंधार होता.

१२ फेब्रुवारी
आज मोठ्या पुलाच्या चढावर गाडी बंद पडली. मागून मालाचा ट्रक येत होता.

बायकोने हँडब्रेक ओढला, मुलांना डाव्या बाजूने उतरवलं आणि कठड्याला धरून एकामागे एक उभं केलं. सगळ्यात धाकटी कडेवर. ट्रकवाल्याने ब्रेक दाबला. त्याच्या बंपरपासून आमच्या गाडीपर्यंत हात घालण्याइतकीही जागा नव्हती, असं त्याच रस्त्याने चाललेल्या, समोरच्या इमारतीत राहणाऱ्या गणिताच्या बाईंनी पाहिलं. त्यांचा मुलगाही गाडीत होता.

कुणाला काही झालं नाही. हे ठळकपणे नोंदवून ठेवतो. कुणालाही काही झालं नाही.

संध्याकाळपर्यंत सगळ्या घरांतून फोन आले. उद्यापासून मुलं येणार नाहीत. एकजण म्हणाला, ताई, तुमच्यावर राग नाही, पण पोरगं घरी येऊन झोपलं, तर झोपेत कठडा धरतंय. बायको प्रत्येकाला ‘बरोबर आहे तुमचं’ म्हणत होती.

मी चहा केला. तिने घेतला नाही. मी पंपवाल्याविषयी बोलायला सुरुवात केली, तर ती उठून आत गेली.

१३ फेब्रुवारी
तिने मला न विचारता टाकी उतरवून घेतली. मला बोलावून घेतलं. डॉक्टरने पत्र्याच्या ताटलीत रुमाल ठेवला होता. विरघळला नव्हता. म्हणाला, हा पेट्रोल ओढणाऱ्या आतल्या पंपाच्या तोंडाशी जाऊन बसायचा. गाडी थांबली की सुटायचा, चालली की परत बसायचा. मग त्याने चुंबक ठेवला.

बायकोने चुंबक उचलला. म्हणाली, रुमाल समजला. हा काय?

डॉक्टर हसायला लागला होता. तिच्याकडे बघून थांबला.

मी खुलासा सुरू केला. पंपांची मुजोरी, काट्यांवरचा अविश्वास, सामान्य माणसाने स्वतः मोजण्याचा हक्क. ती म्हणाली, आरशासारखी स्वच्छ म्हणालात. एवढंच बोलली. मी पंचवीस वर्षं व्यासपीठांवर काढली, विरोधकांनी खुर्च्या फेकल्या तरी वाक्य तोडलं नाही. आज तोडलं.

१४ फेब्रुवारी
तिने सगळ्या आईबापांना उद्या बोलावलं आहे. पंपाच्या मॅनेजरलाही. म्हणाली, माइक लावून बोललात ना? आता माइक लावून हेही सांगा. गाडीचा दोष नव्हता, माझा नव्हता, त्या मॅनेजरचा नव्हता. आणि ती पोरं परत आणून द्या मला.

मसुदा लिहिला. सुरुवात: ‘इंधनव्यवस्थेच्या व्यापक संदर्भात एका प्रामाणिक प्रयोगाकडे पाहताना...’ वाचून दाखवली. ती भाजी निवडत होती. म्हणाली, संदर्भ राहू दे. रुमाल सांगा.

१५ फेब्रुवारी, रविवार
सभा झाली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण. रुमाल मी टाकला. चुंबक मी टाकला. टाकी स्वच्छ आहे असं मी बायकोला खोटं सांगितलं. ती मुलांना घेऊन पुलावर उभी राहिली ते माझ्यामुळे. बहिष्कार मागे.

कुणी टाळी वाजवली नाही. कुणी शिवीही दिली नाही. शिवी दिली असती तर उत्तर देता आलं असतं.

मॅनेजर नुसताच उठून गेला. मग गणिताच्या बाईंनी हात वर केला. म्हणाल्या, ताईंबद्दल आम्हाला शंका कधीच नव्हती. पुलावर त्या नसत्या तर काय झालं असतं, ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. प्रश्न एकच. तुमचे हे गाडीजवळ येणार का?

बायको म्हणाली, नाही.

बाई म्हणाल्या, आम्ही विचार करून सांगतो.

याला पराभव म्हणता येणार नाही. वाटाघाटी सुरू आहेत.

१६ फेब्रुवारी, सोमवार, सकाळ
गाडी खाली सुरू करून उभी आहे. आवाज चांगला येतोय. बायको आत बसली आहे, दोन्ही हात स्टिअरिंगवर. तिची निघायची वेळ झाली आहे. फाटकातून कुणी आलेलं नाही. ती मागे वळून रिकाम्या सीटकडे बघते आणि पुन्हा समोर बघते.

मी गॅलरीत आहे. खाली जाऊन शेजारच्या दारांवर थाप मारावी असं फार वाटतं. जात नाही.

समोरच्या इमारतीच्या जिन्यात गणिताच्या बाई आल्या आहेत. मुलाच्या पाठीवर दप्तर आहे. त्यांनी त्याचा हात धरलाय. गाडीकडे बघतात, मग वर माझ्याकडे.

पालकहो, मुलाचा हात सोडा, त्याला गाडीत बसू द्या. मी खाली उतरत नाही.