हिरव्याचा हट्ट

३ मार्च, मंगळवार

हिरवा म्हणे! डेपोचा मॅनेजर तोंडावर सांगतो, आमच्या कामावरची प्रत्येक गाडी गडद निळी, केबिनपासून मागच्या फाळक्यापर्यंत. आणि आमचे आप्पा घरी येऊन म्हणतात, आपली हिरवीच ठेवायची. आहे तशी. पोपटी हिरवी!

मी म्हटलं, आप्पा, निळी नसेल तर गेटच्या आत घेणार नाहीत. वर्षभराचं काम आहे. हे हातचं गेलं तर इतक्या जुन्या ट्रकला दुसरं कोण विचारतंय? भंगारात जाईल. तर मान हलवत बसले. आयुष्यभर हिरवी चालवली, निळी मला आपली वाटणार नाही, एवढंच पालुपद. दगडावर डोकं आपटलं असतं तर दगड तरी फुटला असता.

काम आम्हा बापलेकीच्या नावावर. डेपोला एका गाडीवर दोन ड्रायव्हर लागतात. दिवसाची पाळी आप्पांनी आधीच बळकावली. रात्रीची माझ्या गळ्यात. तेही चालेल म्हटलं. पण रंग निळाच! वीस तारखेला तपासणी आहे.

५ मार्च, गुरुवार

धुतली. चाकांच्या वरचा चिखल किती वर्षांचा होता देव जाणे, खुरप्याने काढावा लागला. खाली गंज. पायरीला गंज, दाराच्या खालच्या कडेला गंज, हौद्याचं तर विचारायलाच नको.

सगळं काम पेंटरला दिलं तर नाकापेक्षा मोती जड. म्हणून ठरवलंय — घासणं, खड्ड्यांत लांबी भरणं, प्रायमर आपण करायचं. पेंटरने फक्त शेवटचा हात मारायचा. त्याच्याकडे एका बसच्या कामातला निळा उरलाय, तो स्वस्तात देतो म्हणाला. रंग फवारायचा काँप्रेसर एका दिवसापुरता भाड्याने.

दादाचा फोन. सगळा रंग पत्र्यापर्यंत उतरव, वरवर नको, म्हणाला. स्वतः तिकडे दूर ऑफिसात बसून! उंटावरून शेळ्या हाकायला याला कोणी शिकवायला नको. ये आणि उतरव, म्हटलं. लगेच त्याला मीटिंग आली.

६ मार्च, शुक्रवार

आप्पा गाडी सावलीत घ्यायला गेले आणि गेटच्या खांबाला घासली. डाव्या बाजूला हातभर पोचा! स्वतःच्या आवारात, स्वतःच्या गेटला! वर मलाच म्हणतात, खांब पुढे आलाय. खांब पुढे आलाय!! तो काय चालायला लागलाय?

आई लगेच मध्ये. जाऊ दे गं, होतं. तिचं हे कायमचं. मी चुकले की अक्कल काढायची, ते चुकले की होतं.

दुपारभर पोचा ठोकत बसले. हात भरून आलेत.

९ मार्च, सोमवार

आज लांबी भरली, वाळल्यावर घासली. एक गोष्ट मान्य — आप्पांच्या तळहाताला तोड नाही. पत्र्यावरून सावकाश हात फिरवतात आणि बरोब्बर सांगतात, इथे उंच आहे, इथे खड्डा राहिला. मी डोळे फाडून बघते, मला काही दिसत नाही. पुन्हा घासल्यावर कळतं, म्हातारा खरं बोलत होता.

दुपारी बरं वाटलं जरा. दोघं पायरीवर बसून चहा प्यायलो. हळूच म्हणाले, निदान दारं तरी हिरवी ठेव. झाला का चहा तोंडात कडू!

११ मार्च, बुधवार

बोलणं बंद. माझंही, त्यांचंही.

१२ मार्च, गुरुवार

पेंटर बघायला आला. वाकून पायरीखाली पाहिलं आणि हसला. हे कोणी केलं, म्हणे. गंज तसाच आणि त्यावर प्रायमर! पापुद्रे सुटतील, सगळं परत घासा.

ती बाजू आप्पांनी केली होती. मी बोलणं बंद असल्याचं विसरले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. पाट्या टाकायच्या तर सरळ सांगा. काम मिळू नये म्हणून चाललंय का हे सगळं? गाडी हिरवी होत नाही म्हणून गंजून मरू दे, असंच ना? पेंटरसमोर बोलले. बोलले तर बोलले.

ते नुसते "राहिलं असेल" म्हणाले आणि पॉलिश पेपर घेऊन परत खाली बसले. संध्याकाळपर्यंत घासत होते. मी तिकडे फिरकले नाही. आई माझ्याशी बोलेना. म्हणजे आता घरात तीन माणसं आणि तीन मौनव्रतं.

१४ मार्च, शनिवार

नवीन नाटक. डेपोतून नियम कळवले — कामावर असताना केबिनमध्ये फक्त ड्रायव्हर. दुसरं कोणीही नाही.

जेवताना सांगितलं. आप्पांचा घास हातातच राहिला. "मग नको ते काम," म्हणाले.

का? तर आई बरोबर बसते ना! वर्षभर झालं, आप्पांची कुठलीही फेरी असो, बाईसाहेब शेजारच्या सीटवर. डबा, पाण्याची बाटली, मांडीवर पिशवी. मी समजत होते, म्हातारपणी फिरायची हौस आलीय, फिरू दे. पण त्यापायी वर्षाच्या कामावर लाथ? मी म्हटलं, आप्पा, लग्नाला इतकी वर्षं झाली, आठ तास बायकोशिवाय जात नाहीत का तुमचे? अख्ख्या डेपोत हसू करून घ्यायचंय?

कोणी हसलं नाही. आई ताटं उचलून आत गेली.

बरं झालं. शहाण्याला शब्दाचा मार.

१७ मार्च, मंगळवार

रंगाचा दिवस. काचांना, दिव्यांना कागद आणि टेप मी स्वतः लावली. आप्पांना हात लावू दिला नाही. पेंटरने गन हातात घेतली आणि दुपारपर्यंत गाडीचं रूपच पालटलं. गडद, चकचकीत निळी. मला रडू यायचं बाकी होतं. म्हातारी गाडी, पण काय दिसत होती!

आणि मी पेंटरला पाणी द्यायला वळले तेवढ्यात आप्पा दाराशी गेले आणि सवयीने हात फिरवला. ओल्या रंगावर! पाच बोटं, अख्खा तळहात, वरून खालपर्यंत ओढलेला!

तळपायाची आग मस्तकात गेली. ओरडले, अख्ख्या गल्लीने ऐकलं असेल. "एवढा चकाकतोय रंग, ओला आहे हे दिसत नाही का तुम्हाला?"

निळा हात अंगापासून लांब धरून उभे राहिले. आईने येऊन दंडाला धरलं आणि नळाकडे घेऊन गेली. लहान मुलाला नेतात तसं. डोक्यावर चढवून ठेवलंय तिनेच.

पेंटरने उरलासुरला रंग घालून दार परत मारून दिलं. एवढं मारूनही कडेला हात ओढल्याची रेघ राहिलीच.

१९ मार्च, गुरुवार

वाळली. उद्या तपासणी.

२० मार्च, शुक्रवार

पास! मॅनेजरने गाडीभोवती चक्कर मारली, बोटाने दार वाजवलं, आणि कुठे करून घेतला रंग, विचारलं. घरी, म्हटलं. विश्वास बसला नसावा. सोमवारपासून काम चालू. सोमवारी सकाळची पहिली पाळी आप्पांची.

घरी येऊन सांगितलं. आई नुसती "बरं" म्हणाली. आप्पांनी तेवढंही म्हटलं नाही. कुढत बसा! गाडी वाचवली मी, तुमच्या हट्टाला न जुमानता वाचवली. कधीतरी कौतुक करायला काय जातं यांचं? मला असं वाटतं की पालथ्या घड्यावर पाणी घालतेय इतके दिवस.

२३ मार्च, सोमवार

पहाटे मीच गाडी डेपोत नेऊन रांगेत लावली. मग आप्पांना स्कूटरवर घेऊन आले, किल्ली दिली आणि गेटपाशी थांबले. आई ऐकेना, रिक्षा करून मागोमाग आली.

आप्पा रांगेकडे गेले. सगळ्या निळ्या. आमच्या गाडीवरून पुढे गेले. मला वाटलं मुद्दाम, अजून रुसवा काढतायत. हाक मारणार होते. पुढच्या दारावर त्यांनी तळहात ठेवला, वरून खालपर्यंत फिरवला. मग त्याच्या पुढच्या. मग मागे आले, परत पहिल्यापासून.

आई शेजारी येऊन उभी राहिली. हळू आवाजात म्हणाली, "समोरचं थोडं दिसतं अजून. बाकी मी सांगते ना बसून — डावीकडे घ्या, आता हळू, माणूस आहे."

मी धावत गेले. हात धरला. आप्पांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

"हिरवी असती तर सापडली असती गं," म्हणाले.