तिघांचा एक वकील

बाबा, तुम्ही गेल्यावर आपल्या वावराची वाट बंद झाली. पुढचं वावर ज्यानं विकत घेतलं, त्यानं तारेचं कुंपण घातलं आणि मागच्या आम्हा तिघांच्या गाड्या अडल्या. मी, शेजारची वहिनी आणि नाल्याकडचा शेजारी असे मिळून पांढरकवड्याच्या कोर्टात गेलो. दावा एक, वकील एक, फी एक. तीन सारखे वाटे करायचं तोंडीच ठरलं. शेजाऱ्याकडून लिहून घेणं म्हणजे त्याला चोर म्हणण्यासारखंच, म्हणून कोणी कागद काढला नाही. वहिनीनं दिले, मी दिले, नाल्याकडच्यानं एक पैसा दिला नाही. मागच्या तारखेला वकील म्हणाले, "काका, माझी फी तिघांची मिळून ठरली आहे. कोणी किती द्यायचे ते तुमचं तुम्ही पाहा. साक्षीच्या आधी पूर्ण पाहिजे, नाहीतर मी उभा राहणार नाही."

तेव्हापासून माझं जेवणावर मन नाही. त्याचा वाटा मी कुठून भरू? नाही भरला तर दावा बुडतो, आणि या वर्षीही कापसाची गाठोडी बांधावरून डोक्यावर आणायची. वहिनी रोज टोचते, "इचारा ना त्याले! का मी जाऊ पदर खोचून?" मी उद्यावर ढकलत राहतो.

तुम्हाला सातवीतलं आठवतं का? गुरुजींनी मला वर्गणी दिली नाही म्हणून उभं केलं होतं. मी दिली होती, पण बोललो नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेतच गेलो नाही. आठ दिवसांनी तुम्हाला कळलं. माय चुलीपाशी भाकर थापते आहे, तुमचा घास हातातच थांबला आहे. "तू मनातच भांडतो अन् मनातच हारतो," तुम्ही म्हणालात. शाळा सुटली ती सुटलीच.

परवा शेवटी गेलो. तो अंगणात आपला मालवाहू ऑटो धूत होता. म्हणालो, "बापू, ते वकिलाचं..." त्यानं फडकं पिळलं. "काका, आतापर्यंत तारखा किती झाल्या?"

"नऊ का दहा."

"अन् गेलो कशात? दर तारखेले भाडं सोडून तुमाले नेऊन-आणून राह्यलो. मले वाटलं, माह्या वाट्याचं त्यातच चाललं. डिझेलचं तरी कोणी इचारलं?"

खरंच विचारलं नव्हतं. त्यालाही जायचंच असतं, मग आम्ही बसलो तर काय, असं आम्ही धरून चाललो होतो. तेवढ्यात वहिनी आलीच. "मंग तोंडानं सांगता नाही येत का रे?"

"तुमी तरी कुठी बोलल्या? गाडीत बसल्या की झोपता!"

ती हसली तेव्हा माझी छाती हलकी झाली. तिघं ओट्यावर बसलो. डिझेल आणि बुडालेलं भाडं त्याच्या वाट्यातून वजा केलं, ते आम्ही दोघांनी उचलायचं. उरलेले तो साक्षीच्या आधी देणार. या वेळी कागद काढला आणि माझ्या वाकड्या अक्षरात मीच लिहिलं. सही करताना तो म्हणाला, "काका, चोर कोन ते खाली लिहा बरं!" काल त्याचे पैसे वहिनीच्या हाती आले.

सोमवारी साक्ष आहे. वकील म्हणतात, जुन्या नकाशात वाट स्पष्ट दिसते. मला धाकधूक आहेच, पण या हंगामात गाडी थेट वावरात जाईल असं वाटतं.

हे पत्र कुठे टाकणार, म्हणून एक गोष्ट लिहून टाकतो. बापूकडे जायच्या आदल्या दिवशी मी एकटाच बसनं वकिलाकडे गेलो होतो, त्याचं नाव दाव्यातून काढता येईल का ते विचारायला. वहिनीला सांगितलं, डोळे तपासायला चाललो. सोमवारी मी त्याच्याच ऑटोत, त्याच्या बाजूला बसून जाणार आहे. हे त्याला सांगायची माझी हिंमत नाही.