डिस्क निसटते तेव्हा

३ मार्च
डिस्क पुन्हा संगणकापासून निसटली! आठचा दादाचा निरोप वाजलाच नाही. आई पाण्याचा पेला धरून त्या इवल्याशा संगणकासमोर बसलेली. "आज बोलला नाही गं तो?" मी म्हटलं, कामात असेल. दादाला जाऊन वर्ष होत आलं — आणि मी म्हणते कामात असेल! आईला दोनदा सांगून झालं, दोनदा विसरली. पुन्हा सांगायची माझी छाती नाही.

४ मार्च
आज वाजला. "आई, निळी गोळी आधी. आणि पेला पूर्ण संपव." आई लगेच — "हो रे बाबा, घेते."
परगावी नोकरीला असताना हे सगळं दादानेच बसवलं. ढीगभर निरोप बोलून बाहेरून जोडलेल्या डिस्कवर ठेवले. आठ वाजता निरोप, मग मिनिटभर आईचं उत्तर आपोआप टिपलं जायचं. ते तो तिकडे ऐकायचा. उत्तरं अजून साठतात. ऐकणारं कोणी नाही. तरी मी रोज आठला स्वयंपाकघराच्या दारात उभी असते.

८ मार्च
निसटली. आठला मी अंघोळीत होते; आले तर आई तशीच संगणकासमोर बसलेली. केबल बदलली. शिव्या घातल्या.

९ मार्च
मावसभावाला फोन. हसलाच मेला! "अगं, उपाशी माणसाला पोतं उचलायला लावतेस. त्या इवल्याशा संगणकाला डिस्क पोसवत नाही. स्वतःची वीज असलेला हब आण, डिस्क त्यातून जोड." मी विचारलं, निरोप संगणकातल्या मेमरी कार्डावरच टाकू का? "कार्डाचा भरवसा नाही. दादा काय उगाच डिस्क घेऊन बसला होता?"

१३ मार्च
हब आला. दिवा हिरवा, स्थिर.

२२ मार्च
एकदाही निसटली नाही! रोज दादा, रोज "हो रे बाबा." जिंकले म्हणायचं. मग घर एवढं जड का वाटतंय? आई म्हणाली, "किती वाळलीस गं." मी उगाच खेकसले.

२४ मार्च
मावसभावाचा फोन. "डिस्क निसटलेली तेव्हाही टिपणं चालूच, उत्तरं कार्डावर गेली असणार. डिस्क त्याच फोल्डरवर झाकणासारखी बसते, खालचं दिसत नाही. डिस्क काढ आणि ती उत्तरं पुसून टाक, उगाच जागा अडते."
डिस्क काढली. उत्तरं खरंच होती. पुसण्याआधी आठ तारखेचं लावलं.
आईचा आवाज. "आज गप्प का रे?" मग — "तू नाहीस, ठाऊक आहे मला. मध्ये विसरायचे. आता विसरता येत नाही. पण तुझी बहीण बघ, दिवसभर तुझ्या या डबीत डोकं घालून बसते. तिच्यासाठी ओ देते तुला. तिला सांगायची माझी छाती नाही."

२५ मार्च
डिस्क जोडली नाही. आठला आईजवळ जाऊन बसले. म्हटलं, "निळी गोळी आधी." आईने माझ्याकडे बघितलं, पेला हातात घेतला.
मग म्हणाली, "हो गं बाई, घेते."