दिवाळीतला फोटो

असोदा

ज्योत्स्नाअक्का,

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं, तर आपलं येणं-जाणं तुटेल.

आमच्या हर्षालीच्या फोटोला म्हशीचं तोंड लावून कुणीतरी तो नववीच्या ग्रुपवर टाकला. सरांनी वर्गात विचारलं, "असा त्रास आणखी कुणाला झालाय?" तर अर्ध्या वर्गाने हात वर केले. संशय घ्यायचा तरी कुणावर?

पण तो फोटो दिवाळीत धरणगावला तुमच्या ओट्यावर काढलेला आहे, तुझ्या ऋतिकाच्या मोबाइलवर. आमच्याकडे तो नाहीच.

हर्षाली आठ दिवस घरीच आहे. हे मी कुणालाच सांगितलं नाही, तुलाही नाही. काल फोनवर ऋतिकाने हळूच विचारलं, "मावशी, हर्षाली आता तरी शाळेत जाते का?"

"तुला कुणी सांगितलं?" म्हटल्यावर तिने फोन ठेवला.

अक्का, ती माझ्याही मांडीवर वाढली गं.

तुझी धाकटी,
सुनंदा