गाणं बंद असताना

विजयनगर, म्हैसूर
१८ ऑक्टोबर १९९७

तीर्थरूप वेदवतीअक्कास,

बिंदूचा शिरसाष्टांग नमस्कार. आप्पा आणि मी ठीक आहोत. तुझी दोन्ही पत्रं पोचली. आप्पांना दिवाळीला धारवाडला पाठव, पुढे तिथेच राहू दे, असं तू लिहिलंस. त्याबद्दल लिहितोच, आधी इथली बातमी.

आप्पांच्या ग्रामोफोनच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी नवा रेग्युलेटर करतोय. जुन्यामुळे गाण्यामागे सतत गुंऽऽ असा आवाज यायचा. कंटाळा येईल तुला, तरी ऐक. हा शंट जातीचा. लागते त्यापेक्षा जास्त वीज घ्यायची, अ‍ॅम्प्लिफायरला हवी तेवढी द्यायची आणि उरलेली एका ट्रान्झिस्टरने अंगावर घेऊन तापत राहायचं. मग व्होल्टेज हलत नाही, आवाज स्वच्छ येतो.

रविवारी लावला. आप्पा डोळे मिटून ऐकत बसले आणि रेकॉर्ड संपल्यावर म्हणाले, "भेष! तंबोऱ्याच्या तारा मोजाव्यात असं ऐकू येतंय की रे!" मी दिवसभर हवेत होतो.

सोमवारी माती खाल्ली. हेब्बाळच्या कारखान्यातली जुनी सवय: तपासणी करायची तर आधी लोड (वीज घेणारं यंत्र) काढायचा, म्हणजे सप्लायला आराम. तसा अ‍ॅम्प्लिफायर सोडवला, रेग्युलेटर चालूच ठेवला आणि कॉफी करायला गेलो. परत येतो तर खोलीभर जळका वास. ट्रान्झिस्टर गेला होता. शंटचं उलटं असतं, अक्का. लोड काढला की सगळी वीज त्या एकट्यावर येते. हे मला ठाऊक होतं, तरी हाताने सवयीचं केलं. शिवाय उष्णता घालवायला लावलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा अगदी बेताचा होता.

आप्पा दारात येऊन म्हणाले, "अय्यो, गाणं बंद असताना सुम्ने, उगाच का तापतं रे ते?"

तेव्हापासून एका जागी बसवत नाही. सोल्डरिंगची कांडी हातात घेतो, ठेवतो, फाटकापर्यंत जातो, परत येतो.

आधी तुला लिहिलं, दसरा होऊ दे, बन्नीमंटपच्या मशाली बघितल्याशिवाय आप्पा हलणार नाहीत. मग लिहिलं, रेग्युलेटर होऊ दे. खरं म्हणजे आप्पा केव्हाचे पेटी भरून बसलेत. "वेदाकडं केव्हा निघायचं?" म्हणून रोज विचारतात. अडवून धरलंय ते मी.

तू लिहितेस, "बिंदू, तुलाही जरा विश्रांती मिळेल." मला त्या विश्रांतीचीच भीती वाटते गं. नोकरी संपली, बायको-पोरं नाहीत. आप्पांची कॉफी, अंघोळ, गोळ्या, पेपर वाचून दाखवणं, यातच माझा दिवस जातो. ते गेले की या घरात मी सकाळी उठायचं तरी कशाला?

नवा ट्रान्झिस्टर आणलाय. त्याला चांगला मोठा पत्रा लावलाय. या वेळी लोड मुळीच नाही असं धरून हिशोब केला. काल अ‍ॅम्प्लिफायर काढून दुपारभर चालू ठेवला. तापला, पण टिकला.

माझं तसं अजून जमलेलं नाही.

शुक्रवारी आप्पांना घेऊन निघतो. ग्रामोफोन, अ‍ॅम्प्लिफायर सगळं बरोबर आणतो. परतीचं तिकीट मात्र मी काढलेलं नाही. भावजींना सांगून ठेव. आणि घरात मिक्सर, पंखा, काहीही बिघडलेलं असेल तर दुरुस्तीला बाहेर देऊ नकोस.

मी येईपर्यंत तसंच राहू दे.

तुझा धाकटा,
बिंदुमाधव