न सांगता मागितलेली माफी

कॅम्प २, भिलाई
रविवार, ६ फेब्रुवारी १९८३

दादा,

यांचं उष्टं ताट मी तसंच मोरीत ठेवून आले. घासायला हात होईना. हे तुला सोडायला स्टेशनवर गेलेत, तेवढ्यात लिहून घेते.

सलाम लिहायचा राहिला. वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद. तुझ्या डब्यात नुसत्या पोळ्या आणि लोणचं आहे. मटण उरलंच नाही.

मिलमधला बिसाहू गेल्यापासून यांना अन्न जात नव्हतं. आज हाडं चोखत तुला म्हणाले, "दौलतराव, छाती कशी मोकळी होऊन राहिली, पहा." तू हसलास. तुझ्या ओठांना रस्सा लागला होता. मी उठले ती पाणी आणायला नव्हे. मला ते पाहवेना.

त्याआधी मी विचारलं होतं, "बिसाहूच्या मैनाबाईले खरं कवा सांगता?"

हे म्हणाले, "आता कायले उकरून राहिली? देवानं मिटवलं ते."

आणि तू, चर्चचा पाळक, हात पुसत म्हणालास, "कमल, प्रायश्चित्त प्रभूनं केलं. पुरं केलं. आता शामरावांनी वेगळं करायला जाणं म्हणजे त्याच्या बलिदानात उणं काढणं."

दादा, हे तू सेमिनरीत शिकलास, की ताटावर सुचलं?

शुक्रवारी हे तुझ्यासमोर गुडघे टेकून बोलले, तेव्हा मी पडद्यामागे भाजी चिरत होते. तू ऐकलंस ते सगळं मीही ऐकलं. तरी इथं लिहिते, कारण आज चर्चमध्ये साक्ष देताना त्याचं नुसतं 'माझ्या हातून एक अपराध घडला' एवढंच उरलं होतं. लोकांनी डोळे पुसले. बाहेर चहाबरोबर केक होता.

रोलिंग मिलमध्ये एक नियम आहे. मशीनमध्ये शिरण्याआधी माणूस स्विच बंद करतो आणि त्यावर आपल्या नावाची लाल पाटी टांगतो. ज्याची पाटी, त्यानंच काढायची. बिसाहूनं टांगली होती. यांनी काढली आणि स्विच चालू केला. शेठचा माल अडला होता आणि बिसाहू बिडी प्यायला गेला असेल असं यांना वाटलं. तो आत होता. नंतर फोरमन म्हणून यांनी सांगितलं की पाटी टांगलेलीच नव्हती.

म्हणून मैनाबाईला मिलकडून काही मिळणार नाही. मुलींना घेऊन खोली सोडावी लागेल. ती दिसेल त्याला सांगते, "मोर आदमी पाटी टांगे बर नइ भुलाय." लोक मान हलवतात आणि पाठ वळली की म्हणतात, आपल्याच मूर्खपणानं मेला.

कुणाशी वाकडं असेल तर आधी त्याच्या दारी जायचं, समेट करायचा, मगच प्रभुभोजनाला यायचं, असं बाबांनी आपल्याला शिकवलं. काल तू आठवणीनं तेही उरकलंस. मला वाटलं आपण मैनाबाईला खरं सांगायला चाललो आहोत. ऐकून ती कोसळेल, म्हणून मी बरोबर ब्लँकेट घेतलं.

तू तिला म्हणालास, "बहन, इनको माफ कर दो."

"काबर साहेब? का होगे?"

"बस, ऐसे ही. मन में कुछ रहना नहीं चाहिए."

तिनं दाराकडे पाहिलं. नवऱ्याचा फोरमन हात जोडून उभा. तिलाच लाज वाटली. पदर डोक्यावर ओढून म्हणाली, "माफ हे साहेब. तुमन तो बड़े आदमी हव." आणि आपल्याला बसायला तिनं पोतं झटकलं.

हे रडले. खरे रडले, त्यात नाटक नव्हतं. तेच मला सोसत नाही.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तू प्रार्थना सुरू केलीस. परतताना म्हणालास, "किती निर्मळ बाई आहे."

आज तू भाकर मोडलीस तेव्हा मी जागेवरून उठले नाही. मागच्या बाकावरून ठकूबाईनं टोचलं, "काहून वो कमल, भांडली का नवऱ्याशी?" मी नाही म्हटलं. हे तुझ्यासमोर गुडघ्यावर होते. तू प्याला यांच्या तोंडाला लावलास आणि मी दुसरीकडे पाहिलं.

मला तुझ्याइतकं शास्त्र येत नाही. प्रभूनं आपल्यासाठी रक्त दिलं हे मी मानते, आजही. पण बिसाहूचं रक्त प्रभूच्या अंगावर ढकलून आपण जेवायला बसावं, म्हणून तो मेला नाही. देव यांना माफ करील. मैनाबाईच्या वतीनं करू शकतो का, हे तू मला सांगितलं नाहीस. आणि तोही करत असेल, काल आपण केलं तसंच, तिला न सांगता, तर मला त्याचीसुद्धा—

इथं थांबते.

उद्या दुर्गला फॅक्टरी इन्स्पेक्टरपुढे अपघाताच्या चौकशीची शेवटची तारीख आहे. हे पुन्हा तेच सांगणार. जाताना शर्टाला इस्त्री करून ठेव म्हणाले.

परत आले वाटतं. मोरीत पाय धुताना सकाळचं गीत गुणगुणताहेत.

सोमवार, दुपार

पाकीट बंद करायचं राहिलं होतं, म्हणून लिहिते.

सकाळी मी यांच्या आधी निघाले. मैनाबाईला तिच्या दारात पाटीचं सांगितलं. शनिवारी कशाची माफी घेतली तेही सांगितलं. तिनं चूल विझवली, चपला घातल्या. दुर्गला मी सगळं यांच्यासमोर सांगितलं. साहेबांनी लिहून घेतलं आणि निकाल थांबवला. परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती. मैनाबाई आमच्या पॉवर हाऊसच्या स्टॉपपर्यंत उभी राहिली. मी तिच्याकडे काही मागितलं नाही.

कमलिनी